कस्तुरीच्या पाटीवरचा तिसरा रकाना

माझी भाची कस्तुरी काय करते, असं कोणी विचारलं की मी आधी खुर्ची पुढे ओढतो. उभ्याउभ्या सांगायची गोष्ट नाहीच ती! आणि मध्ये कोणी टोकलेलं मला खपत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. चौतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत काढली आहेत मी. फॉर्म अर्धवट भरून आणणाऱ्याला मी सरळ रांगेच्या शेपटाला पाठवायचो.

तर कस्तुरी. माझ्या धाकट्या बहिणीची, आनंदीची, एकुलती एक लेक. वय तेहेतीस. त्या दोघी खालच्या मजल्यावर राहतात, मी वरच्या. जन्म इथलाच, काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातला, कॉम्प्युटरची पदवी बीएचयूची. बोलते मराठीत, भांडते हिंदीत. चालते अशी, की गल्लीत आडवी बसलेली गायसुद्धा हिला बघून उठते. पदवीनंतर चार वर्षं पुण्यात नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी एक दिवस बॅगा घेऊन दारात हजर. म्हणाली, “मामा, मी इथूनच काम करणार.” मी म्हटलं, “वेड लागलंय का तुला? इथून पोरं बाहेर जातात, बाहेरून इथे कोणी येत नाही!” खरंच सांगतो, आमच्या गल्लीतल्या मराठी घरांतली पोरं बारावी झाली की पुण्याला नाहीतर बंगळूरला. गणपतीला येतात, कुलूप काढतात, पाच दिवसांनी पुन्हा लावून जातात.

पण ऐकेल तर ती कस्तुरी कसली! पुण्यातल्या आपल्या जुन्या मालकांच्या, प्रसन्न साहेबांच्या, ती सारखी मागे लागली आणि काशीत एक छोटी टीम उभी केली. ब्रह्मनाळ मोहल्ल्यात पहिल्या मजल्यावर एक खोली, दोन टेबलं, एक इन्व्हर्टर. टीममध्ये चार जण. कस्तुरी मुख्य. दुसरा निमिष, पंचवीस वर्षांचा, भिक्षुकांच्या घरातला. दुपारी बारापर्यंत वडिलांबरोबर घाटावर यात्रेकरूंचं श्राद्धकर्म करतो, एक वाजता धोतर सोडून जीन्स घालतो आणि प्रोग्रॅमिंगला बसतो. तिसरी स्वरदा, नागपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे टोरांटोत असते, घरात दीड वर्षाचं मूल. आणि चौथा कोण? अहो, चौथा मी!

हसू नका. ही मंडळी एक अ‍ॅप बनवत होती. काशीला येणाऱ्या यात्रेकरूला धर्मशाळेतली खोली घरबसल्या राखून ठेवता यावी म्हणून. आता आरक्षण म्हणजे काय हे या गल्लीत माझ्याइतकं कोणाला कळतं? कस्तुरी म्हणाली, “मामा, प्रत्येक काम शेवटी तुमच्याकडे येईल. तुम्ही तपासून पास कराल तेच लोकांच्या हातात जाईल.” निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, भाजी आणण्यापलीकडे मला कोणी काही सांगत नव्हतं. त्या दिवशी मी दोनशे पानी रजिस्टर आणलं, नवं पेन आणलं आणि आनंदीला पेढे दिले.

सगळं मस्त चाललं होतं, पण तो दहाचा कॉल! प्रसन्न साहेबांचा नियमच होता, रोज सकाळी दहाला सगळ्यांनी फोनवर जमायचं आणि कोण काय करतंय ते सांगायचं. पुण्यात ठीक आहे. इथे? आमची खोली मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या वाटेवर. साहेब बोलायला लागले की खालून आलीच तिरडी, “राम नाम सत्य है!” पहिल्या दिवशी साहेब घाबरून म्हणाले, “कस्तुरी, घरी काही झालंय का?” ही म्हणते, “नाही सर, रोजचंच आहे.” निमिष घाटावरून बोलायचा, समोर यजमान हातात पिंड घेऊन थांबलेला. टोरांटोत तेव्हा रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे स्वरदा कुजबुजायची, आणि मला ऐकू यायचं नाही म्हणून मी ओरडायचो. मग तिचं मूल उठायचं.

शेवटी कस्तुरीने साहेबांना सांगून टाकलं, “सर, कॉल बंद करू. बोलायचं ते रोज लिहू, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा.” साहेबांना पटलं नाही. पण हिने पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनी अट घातली. संक्रांतीपासून एक महिना. महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, तेरा फेब्रुवारीला, अ‍ॅप चालू झालं पाहिजे. झालं तर टीम काशीत राहील आणि कॉल कायमचा बंद. नाही झालं तर टीमच बंद, कस्तुरीने पुण्याला यायचं, बाकीच्यांनी आपापलं बघायचं.

दुसरं कोणी असतं तर रात्रभर झोपलं नसतं. ही जिन्यावरून ओरडत आली, “मामा, महिना मिळाला! आख्खा महिना!” आणि आनंदीला धरून तिने स्वयंपाकघरात गिरकी घेतली, बिचारीचे गुडघे दुखत असताना.

दुसऱ्याच दिवशी पाटी तयार. पाटी म्हणजे मोबाइलवर उघडणारं एक पान. रोज प्रत्येकाने आपलं काम सुरू करताना त्यावर आपल्या नावापुढे तीन रकाने भरायचे. काल काय झालं, आज काय करणार, आणि कुठे अडलंय. बाकीच्यांचं वाचायचं, कोणाला मदत करता येत असेल तर करायची. बस! कोणी कोणाची वाट बघायची नाही. कस्तुरीने मला शिकवताना एक गोष्ट दाखवली. लिहिलेलं नंतर बदललं तर खाली बारीक अक्षरात ‘बदललं’ असं येतं, आणि त्यावर बोट ठेवलं की आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं. मी म्हटलं, “वा! म्हणजे चार्टवर खाडाखोड करून पळता येणार नाही.”

काय सांगू, मला या पाटीचं वेडच लागलं! सकाळी सातला माझी नोंद पडलेली असायची. “काल काय झालं: पहाटे पाचला उठलो. स्नान, संध्या. पाणी फार थंड. नंतर खोली निवडण्याचं पान तपासलं, बटणाचा हिरवा रंग डोळ्यांना बोचतो.” कस्तुरीने हळूच फोन केला, “मामा, फक्त कामाचं लिहायचं हं.” मी म्हटलं, “स्नान केल्याशिवाय मी काम करत नाही, म्हणून लिहिलं.” ती हसली.

माझी कामाची पद्धत पक्की होती. निमिषने किंवा स्वरदाने काही पूर्ण केलं की ते माझ्याकडे येणार, मी रजिस्टरमध्ये क्रमांक घालणार आणि क्रमानेच तपासणार. रांग म्हणजे रांग! मधल्याला आधी घ्या म्हणणाऱ्याला मी उभं करत नसे. दुपारी एक ते चार खिडकी बंद, जेवण आणि वामकुक्षी. एकेका पानाला अर्धा दिवस द्यायचो, काना-मात्रासुद्धा सोडायचो नाही. आणि तिसरा रकाना? तो रोज सगळ्यांचा सारखाच. अडलंय: काही नाही. काही नाही. काही नाही. मला काय अभिमान वाटायचा! कुठेच काही अडत नाही, याला म्हणतात टीम.

आता कळतं, मी किती गाढव होतो. काशीत कोणालाही विचारा, कसं काय? उत्तर एकच, महादेवाची कृपा. पायाला प्लास्टर असलं तरी महादेवाची कृपा. आणि त्यात आमची टीम म्हणजे मामा, काका आणि दादा. निमिषचे वडील मला दादा म्हणतात, म्हणजे त्याचा मी काका. माझा आवाज मोठा, राग नाकावर. एकदा तर मी पाटीवर जाहीर लिहिलं, “निमिषच्या कामाला या आठवड्यात वेग दिसत नाही. तरुणांनी टंगळमंगळ करू नये.” खाली त्याचं उत्तर, “जी काका.” बस, दोन शब्द.

सात फेब्रुवारीला साहेबांचा निरोप आला. “पाटी रोज भरलेली दिसते. काम पुढे सरकताना दिसत नाही. सहा दिवस उरलेत.” कस्तुरीने तो पाटीवर जसाच्या तसा चिकटवला. त्या संध्याकाळी ती जेवायला बसली आणि भाताशी खेळत राहिली. मी म्हटलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, मामा.”

आठ तारखेला सकाळी चहाचा पेला हातात घेऊन मी पाटी उघडली. टोरांटोची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, त्यामुळे स्वरदाची नोंद मी नेहमी दुसऱ्या दिवशी वाचायचो. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं होतं: “माझी चार आणि निमिषची सात कामं यज्ञेश्वर सरांच्या तपासणीत थांबली आहेत. सर्वांत जुनं नऊ दिवसांपासून. ती सुटल्याशिवाय पुढचं काहीच जोडता येत नाही.”

माझं नाव! चार लोकांसमोर! साहेब वाचतात ती पाटी! चहा अर्धा बशीत, अर्धा धोतरावर. कोण कुठली नागपूरची पोर, जिला मी प्रत्यक्ष पाहिलंसुद्धा नाही, ती मला सांगणार? माझ्या खिडकीवरून चौतीस वर्षांत एकाला चुकीचा बर्थ गेला नाही! मी ठरवलं, हिला पुराव्यानिशी गप्प करायचं. कस्तुरी टीमची मुख्य, तिच्या रकान्यात माझी काही तक्रार आहे का? नाही! रोज “काही नाही” लिहिलंय. मी तिच्या नोंदी एकेक काढून बघायला लागलो.

तेव्हा दिसलं. तिच्या “काही नाही”च्या खाली बारीक अक्षरात होतं, ‘बदललं’. मी बोट ठेवलं.

नऊ वाजून दहा मिनिटं: “मामांकडे अकरा कामं थांबलीत. कसं सांगू?” नऊ चौदा: “तपासणीला वेळ लागतोय.” नऊ एकोणीस: “काही नाही.”

आदल्या दिवशीचं उघडलं, तेच. त्याच्या आदल्या दिवशीचं, तेच. आठ दिवस! आठ दिवस रोज सकाळी ती माझं नाव लिहीत होती आणि पुसत होती. माझी खोलीतली खुर्ची, माझं रजिस्टर, सगळं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निमिषला टंगळमंगळ म्हणालो होतो मी, आणि त्याची सात कामं माझ्याच रजिस्टरमध्ये क्रमांक लावून बसली होती.

तसाच उठलो. चहाच्या डागाचं धोतर, पायात आनंदीची चप्पल, हे नंतर कळलं. ब्रह्मनाळात जिना चढलो तर कस्तुरी मला बघून उभीच राहिली. तिला वाटलं मी भांडायला आलोय. मी काही बोलायच्या आत तिनेच सुरुवात केली.

“मामा, स्वरदाची नोंद मी काढणार नाही. तुम्ही रागवा, बोलू नका माझ्याशी, पण ती काढली तर पाटीच खोटी होईल.”

“काढायला कोण सांगतंय?” मी म्हटलं. “मी तुझ्या नोंदी वाचून आलोय. खालच्यासुद्धा.”

ती मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, “बाबा गेले तेव्हा माझी बारावी होती. रोज पेपरला तुम्ही सोडायला यायचात, पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात उभे राहायचात. तुमचं नाव मी त्या रकान्यात कसं लिहू, मामा?”

मला रडू आलं. लपवतो कशाला? चौसष्टाव्या वर्षी भाचीसमोर हुंदके देऊन रडलो. खालून तिरडी गेली, राम नाम सत्य है, कोणाला वाटलं असेल मी त्यांच्यापैकीच एक.

नाक पुसलं आणि म्हटलं, “अगं वेडाबाई, स्टेशनवर रांग दाराबाहेर गेली की लोक शिव्या कोणाला द्यायचे? खिडकीला! आम्हाला राग यायचा, पण त्या शिव्या आत ऐकू आल्या की मगच साहेब उठून दुसरी खिडकी उघडायचा. तू मला शिवीच दिली नाहीस, तर दुसरी खिडकी उघडायची कोणी?”

ती टेबलावर हात आपटून म्हणाली, “तो खोलिए ना, मामा! पाच दिन हैं!” हिंदीत बोलली, म्हणजे माझी भाची परत आली होती.

तिथेच बसून मी पाटीवर लिहिलं: “अडलंय: माझ्यामुळे. अकरा जण खिडकीसमोर उभे आहेत. चूक माझी. आजपासून निमिषचं काम स्वरदा तपासेल, स्वरदाचं निमिष. माझ्याकडे फक्त आरक्षणाची पानं. वामकुक्षी शिवरात्रीपर्यंत रद्द, स्नानाचं लिहिणंही बंद. निमिष, तुला बोललो ते मागे घेतो.” निमिष घाटावर होता, पण पाच मिनिटांत त्याचं उत्तर. “काका, मलाही एक गोष्ट चार दिवसांपासून कळत नाहीये. लिहू का?” मी लिहिलं, “लिहीच, मेल्या!”

आणि मग जी धमाल उडाली, काय सांगू! तिसरा रकाना भरभरून वाहायला लागला. निमिषने अडलेलं लिहायचं, झोपून उठायचा तो स्वरदाने उत्तर लिहून ठेवलेलं. स्वरदाने विचारायचं, तिच्या सकाळपर्यंत इथल्या कोणीतरी ते सोडवून ठेवलेलं. कोणी कोणाला फोन नाही, कोणी कोणासाठी खोळंबलेलं नाही. माझ्या खिडकीसमोर अकराचे आठ झाले, आठाचे चार. मी सातच्या ठोक्याला पाटीवर उरलेल्या कामांचा आकडा टाकायचो, आणि कस्तुरी खालून ओरडायची, “चार! मामा, चार!”

अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता माझ्यातला जुना क्लार्क जागा झाला. मी आनंदीला तिचा फोन घेऊन समोर बसवलं. म्हटलं, “ही खोली नंबर सहा, एकच शिल्लक. मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम बटण दाबायचं. एक, दोन, तीन!” दाबलं. माझ्या फोनवर आलं, खोली सहा आपल्या नावे. आनंदीच्या फोनवर आलं, खोली सहा आपल्या नावे! मी खुर्चीवरून उडालोच. आनंदी म्हणाली, “दादा, हे चांगलं झालं की वाईट?” मी म्हटलं, “अगं, शिवरात्रीला दोन कुटुंबं एका खोलीच्या दारात भांडली असती! फार चांगलं झालं!”

लगेच पाटीवर टाकलं. कोणत्या पानावर, कोणतं बटण, किती वाजता, सगळं फॉर्म भरावा तसं सविस्तर. दीड तासाने टोरांटोत उजाडलं आणि स्वरदाने खाली लिहिलं, “मी घेतलंय.” सकाळी मी डोळे उघडले तो तिची नोंद तयार: “सुटलं. सर, काय पकडलंत!” बारा वाजता निमिष घाटावरून तडक आला आणि सोवळ्यातच उभ्याने तपासून त्याने पास केलं. मी आणि आनंदीने पुन्हा एक-दोन-तीन केलं. खोली माझ्या नावे झाली, आणि आनंदीच्या फोनवर आलं, क्षमस्व, ही खोली आत्ताच गेली. इतकी खूश कधी झाली नव्हती ती, खोली हातची गेल्यावर.

तेरा फेब्रुवारी, सकाळी दहा. हो, नेमके दहा! अ‍ॅप चालू झालं. आम्ही तिघं ब्रह्मनाळात मोबाइलकडे डोळे लावून. दहा वीसला सांगलीच्या एका कुटुंबाने पहिली खोली घेतली, चार माणसं, दोन रात्री. निमिषने “हर हर महादेव” असा आवाज दिला की समोरच्या गच्चीवरची माकडं पळाली. दुपारी पाटीवर प्रसन्न साहेबांची नोंद आली, महिन्यात पहिल्यांदाच. “झालं: सगळ्यांच्या सगळ्या नोंदी वाचल्या. करणार: काशीची टीम आहे तशी राहील, दहाचा कॉल मी पुण्यातही बंद करतोय. अडलंय: यज्ञेश्वरकाकांनी स्नानाचं लिहिणं सोडलं, त्याने चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.”

कस्तुरीने ते मोठ्याने वाचलं. मग सरळ खाली धावत गेली आणि सगळ्या गल्लीला जिलेबी घेऊन आली, तिरडी पोहोचवून परतणाऱ्या दोघांच्या हातावरसुद्धा एकेक ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी माझी नोंद लिहिली. स्नान, पाणी थंड, अडलंय काही नाही. नऊला कस्तुरीची आली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, “काही नाही.”

आता माझी सवय गेलेली नव्हती. मी चष्मा लावला आणि त्या दोन शब्दांच्या खाली नीट बघितलं. बारीक अक्षर नव्हतं. बोट ठेवून पाहिलं, काही उघडलं नाही. तिने ते एकदाच लिहिलं होतं. मी खाली आनंदीला हाक मारली, म्हटलं, चहा टाक, येतोय.